छातीवरचा चुंबक

“कुणी मारलं?”

मामांनी मागं वळून विचारलं. मागं कुणीच नव्हतं. तालमीची पोरं दोरीच्या पलीकडे, चांगली लांब उभी होती. मामांच्या दोन्ही हातांत दांडपट्टे चढवलेले होते आणि त्यांची लवचिक पाती अजून थरथरत होती. समोर त्यांचा मुलगा रणधीर एका गुडघ्यावर बसला होता. त्याच्या उघड्या तळहातावर नुकतंच एक लिंबू होतं. ते अख्खंच मातीत घरंगळलं होतं आणि त्याच्या मनगटापासून कोपराकडे एक लांब फट उघडली होती. आधी ती पांढरट दिसली, मग रक्ताने भरली.

रणधीर ओरडला नाही. त्याने हात छातीशी धरला आणि वडिलांकडे बघितलं. वस्ताद आनंदराव मिठारींचा पट्टा चुकला, हे त्याला जखमेपेक्षा जास्त लागलं असावं.

“कुणी न्हाई मारलं आबा,” तो हळू म्हणाला. “हात चुकला तुमचा.”

“हात न्हाई चुकला. लाथ बसली छातीत.”

ती खंडेनवमीची सकाळ होती. कोल्हापूरकडे मर्दानी खेळाच्या ज्या तालमी अजून टिकून आहेत त्यांतली मामांची एक, पन्हाळ्याच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून बरीच आत. खंडेनवमीला तिथे शस्त्रं पुजायची आणि पूजेनंतरचं पहिलं लिंबू वस्तादाने कापायचं, असा रिवाज. डाव्या हातातला पट्टा अंगाभोवती फिरता ठेवून उजव्या पट्ट्याने तळहातावरचं लिंबू दोन फाकी करायचं, ही मामांची खासियत. गेल्या वर्षी मात्र ते रणधीरने कापलं होतं. त्याआधी थोडे दिवस मामा आखाड्यात एकाएकी कोसळले होते आणि डॉक्टरांनी त्यांच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं.

मामांचं हृदय कधीतरी ताल सोडून नुसतं थरथरायला लागायचं. थरथरणारं हृदय रक्त ढकलत नाही. माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत मरतो. यंत्राने ही थरथर ओळखायची आणि आतल्या आत विजेचा जबर तडाखा देऊन हृदयाला ताळ्यावर आणायचं. यंत्रापासून गळ्याच्या हाडाखालून एक तार हृदयात गेली होती. तिच्यातूनच ते ऐकायचं, तिच्यातूनच मारायचं.

मी तेव्हा नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि सणाला मामांकडे आले होते. विजेचं जे काही घरात असेल ते माझ्या अंगावर यायचं, मामांचं यंत्रसुद्धा. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत चुंबक छातीजवळ आणू नये असं लिहिलं होतं. ते गेल्या वर्षी मीच शालनमामींना वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून त्या घरातला चुंबक संपला. फ्रिजवरची चिकटवायची फळं गेली, शिवणाच्या डब्यातली सुया गोळा करायची पट्टी गेली, रणधीरच्या मोबाइलचं चुंबकी झाकण तर मामींनी उकिरड्यावर टाकलं. मामांनीही डॉक्टरांचा शब्द मोडला नव्हता. जड उचलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही. डॉक्टर खूश होते. म्हणून तर या वर्षी पहिलं लिंबू पुन्हा त्यांच्याकडे आलं होतं.

त्या सकाळी मामी शस्त्रांना हळदकुंकू लावत लावत मिक्सरपर्यंत, तिथून रणधीरच्या मोटरसायकलपर्यंत गेल्या आणि परत येऊन त्यांनी मामांच्या सदऱ्याचं बटण सोडून छातीच्या उंचवट्यालाही बोट लावलं. ह्ये बी यंत्रच की, म्हणाल्या. मामा म्हणाले, नारळ तेवढा फोडू नकोस.

मी दोरीखालून आत शिरले तोवर दुसरा तडाखा बसला.

मामा उडालेच. खांदे वर गेले, तोंडातून हवा बाहेर फेकली गेली आणि दोन्ही पाती सैरावैरा फिरली. पट्टा तलवारीसारखा टाकून देता येत नाही. हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळीत असतो, वरून पट्टीने आवळलेला. मामा धडपडत होते, हात झाडत होते, आणि त्यांच्याजवळ कुणाला जाता येत नव्हतं. पुढे गेलेल्या एकाची बाही खांद्यापासून उतरली. आणखी एकाच्या कपाळावर रेघ उठली. शेवटी रणधीर खाली वाकला, रक्ताळलेला हात पोटाशी दाबून वडिलांच्या पायांत घुसला आणि त्यांना आडवं केलं. चौघेजण हातांवर बसले. पट्ट्या सोडवेपर्यंत तिसरा तडाखा आला, आणि मामांची छाती दाबून धरलेला एकजण ‘करंट, करंट’ म्हणत मागे पडला.

त्या शब्दाने घोटाळा केला. अंगणाच्या टोकाला सर्जेराव साउंडवाल्याने दोन स्पीकर मांडले होते. पोरांना वाटलं, त्याची वायर उघडी पडून ओल्या मातीत करंट उतरला. कुणीतरी वायर उपटली. कुणीतरी सर्जेरावांच्या कानाखाली वाजवली. तालमीतली पोरं ती, काठ्या हाताशीच होत्या. मी ओरडून सांगत होते की करंट मातीतून येत नाही, मामांच्या आतून येतोय. पण कुणी थांबलं नाही. सर्जेराव आपल्या टेम्पोच्या चाकाशी अंग गोळा करून बसले आणि डोक्यावर हात धरले. काठी त्यांच्या बोटांवर बसल्याचा आवाज मला ऐकू आला.

वायरी उपटून फेकून झाल्यावर मामांना चौथा तडाखा बसला. तेव्हा काठ्या थांबल्या.

मामांना आत, पूजेच्या पाटाशेजारी घोंगडीवर आणलं. रुग्णवाहिका दुसरा रुग्ण घेऊन शहरात गेली होती. दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी फोन उचलणाऱ्या माणसाने लगेच घेऊन या एवढंच सांगितलं. यंत्र मारतंय म्हणजे हृदय बिघडलंय, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. मामा शुद्धीवर होते. हृदय थरथरत असेल तर तडाख्याआधी माणसाने बेशुद्ध व्हायला हवं. मामा प्रत्येक तडाखा जागेपणी खात होते.

आणि त्यांना तो सोसत नव्हता. हा माणूस भाल्याचं टोक मांडीत मोडलेलं असताना चालत घरी आला होता, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. आता ते भिंतीकडे बघत होते, छताकडे बघत होते, कुठून येणार ते शोधत होते.

“म्होरं असता तर अडवला असता,” ते म्हणाले. “ह्यो आत बसून मारतोय.”

मग त्यांचा हात पाटावरच्या कट्यारीकडे गेला. काय चाललंय ते कळेपर्यंत त्यांनी तिचं टोक छातीच्या उंचवट्यावर टेकवून ओढलंसुद्धा. कातडी फाटली. मामींनी लावलेल्या कुंकवावरून रक्त उतरलं. रणधीरने झेप घेतली. बापलेक घोंगडीवर लोळले. मामांनी कोपर मारून त्याचं नाक फोडलं, त्याने मामांचं मनगट जमिनीवर आपटून आपटून कट्यार सोडवली. मामी दारात आरतीचं ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं.

रणधीर वडिलांच्या पोटावर बसला, तेव्हा मी मामांचं उजवं मनगट धरलं. नाडी पळत होती, पण एकसारखी होती, घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाची असते तशी. मी बोटं काढली नाहीत. ठोके नीट चाललेले असतानाच मामांनी डावा खांदा झटकला आणि तडाखा बसला. नंतर पुन्हा तेच ठोके. म्हणजे हृदयाने ताल सोडलाच नव्हता. यंत्र खोटं ऐकत होतं.

खात्री करायला एकच मार्ग होता. मी रणधीरला त्यांचा डावा हात अंगाशी दाबून धरायला सांगितलं, तसूभरही हलू द्यायचा नाही. आम्ही वाट बघितली. काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मामींनी डोळे मिटले. मग मी रणधीरला हात सोडायला लावला, मामांचा तो हात स्वतः धरला आणि खांद्यातून वर नेला, पट्टा फिरवताना नेतात तसा.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करतेय ते त्यांना कळलं होतं. त्यांनी हात ओढून घेतला नाही.

यंत्राला थोडा वेळ लागतो. मग त्यांचं अंग माझ्या हातात उसळलं आणि त्यांनी पहिल्यांदाच किंकाळी फोडली.

“तू क्येलंस?” रणधीरने विचारलं.

मी हो म्हणाले. कारण त्याशिवाय पुढचं बोलता येत नव्हतं. मी सांगितलं की माइकची वायर आतून तुटली की हलवल्यावर कशी खरखरते, तशी मामांची तार गळ्याच्या हाडाखाली तुटली आहे. हात हलला की ती खरखरते, आणि यंत्राला वाटतं हृदयच थरथरतंय. हृदय ठीक आहे. यंत्र निरोगी माणसाला मारतंय.

दाराबाहेरून सर्जेराव म्हणाले, “आसंच हुतंय. बाहिरनं वायर साजरी दिसती.” त्यांच्या ओठातून अजून रक्त गळत होतं. पोरांनी त्यांना पाणी आणून दिलं होतं.

मामांचा हात फेट्याने अंगाशी बांधला. तरी एक खोकला आला आणि तडाखा बसला. शहरापर्यंतच्या रस्त्यात किती खड्डे आहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. तोवर मामांचं हृदय खरंच बंद पडेल, असं मला वाटायला लागलं.

मामांच्या तपासणीला मी एकदा बरोबर गेले होते. तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाला मी विचारलं होतं की चुंबक जवळ आणला तर नेमकं काय होतं. त्याने खणातून एक वाटोळा चुंबक काढून मामांच्या यंत्रावर धरून दाखवला. आत एक लहानसं बटण आहे, ते चुंबकाने बंद होतं. चुंबक आहे तोवर यंत्र ऐकतं, पण मारत नाही. काढला की पुन्हा कामावर. घरी मी यातलं काही बोलले नव्हते. चुंबक नको, हा नियम सरळ होता, तोच राहू दिला होता.

मी सर्जेरावांना विचारलं, एखादा सुटा चुंबक आहे का. जळालेल्या स्पीकरचा होता. बशीएवढी जाड काळी कडी. हत्यारांच्या पेटीत स्क्रू हरवू नयेत म्हणून ठेवलेली. त्यांनी चिकटलेले स्क्रू झटकले आणि सुजलेल्या बोटांनी ती मला आणून दिली.

मामींनी ताट खाली ठेवलं आणि माझ्या तोंडात मारली.

“तूच म्हनलीवतीस,” त्या म्हणाल्या. “तूच वाचून दावलंस. चुंबक लागला तर यंत्र बंद पडतंय.”

“बंदच पाडायचंय मामी.”

रणधीरने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मला भिंतीपर्यंत फरफटत नेलं. त्याचं नाक फुटलेलं होतं, श्वास तोंडाने येत होता. एकदा तर मारलाच आहेस, आता पुरा मारायला निघालीस का, असं काहीतरी तो म्हणत होता. लांबच्या नात्यातला नाही, माझा सख्खा मामेभाऊ तो. लहानपणी मला काठी शिकवायला तोच होता. मी कडी पोटाशी धरून ठेवली.

“रणधीर,” मामा घोंगडीवरून म्हणाले. “मंजीला ठेवू दे. न्हाई तर मला कट्यार दे.”

त्याने वेणी सोडली.

ठेवण्याआधी मी सगळ्यांना ऐकवलं. चुंबक असेल तोवर यंत्र खरी थरथरही थांबवणार नाही. म्हणून मामांची शुद्ध गेली, नाडी लागेनाशी झाली, की त्याच क्षणी चुंबक काढायचा. रणधीरने मान हलवली. मामींनीही हलवली. सगळे कडीकडे बघत होते. ऐकलं कुणीच नव्हतं.

कडी ठेवल्यावर यंत्रातून बारीक सूर आला आणि थांबला. मी फेटा सोडला. मामांचा हात बोटभर वर नेला. थांबले. आणखी वर नेला. मामांचे डोळे गच्च मिटलेले होते, ओठ दातांत धरलेला. काही झालं नाही. मग त्यांनी तो हात आपणहून डोक्यावरून पार मागे नेला, खाली आणला, आणि आडवं पडल्या पडल्या रडायला लागले. आवाज न करता, अंग हलवून. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रणधीरने तर नक्कीच नव्हतं.

मामी पुढे झाल्या. त्यांनी ताटातलं हळदकुंकू घेऊन त्या काळ्या कडीला लावलं आणि हात जोडले. रणधीरने भगवा फेटा मामांच्या छातीभोवती फिरवून कडी घट्ट बांधली. त्याची गाठ म्हणजे तालमीची गाठ, ओढावी तशी आवळणारी.

टेम्पो सर्जेरावांचाच होता. त्यांनीच चालवायला घेतला. कुणाला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मामी पुढे बसल्या. मागे हौद्यात स्पीकरच्या खोक्यांमध्ये घोंगडी पसरली आणि मामांना निजवलं. त्यांच्या उशाशी रणधीर, एका हाताला जुनेराची पट्टी. मनगटाशी मी.

पहिला खड्डा आला तसं मामांचं सगळं अंग ताठलं. काही झालं नाही. दुसऱ्याला थोडं कमी ताठलं. मग ते बोलायला लागले. रणधीरचा हात मागितला, पट्टी बघितली. जखम हाडापर्यंत गेली का, बोटं वळतात का, विचारलं. रणधीरने बोटं वळवून दाखवली. लिंबू कुठे गेलं, असंही विचारलं. रणधीर म्हणाला, शेळीनं खाल्लं आसंल.

मी विचारलं, मामा, डाव्या हाताने काही जड उचललं होतंत का? तार अशी सहज तुटत नाही.

मामा म्हणाले की जड काहीच नाही. रोज पहाटे गच्चीवर डावा पट्टा तेवढा फिरवायचे. वर्षभर, एक दिवस न चुकता, कारण खंडेनवमीला लिंबू कापायचं होतं.

“डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ना?”

“डॉक्टर वजन नको म्हनले हुते,” मामा म्हणाले. “पट्ट्याला वजन कुठं आस्तंय, मंजे. पट्ट्याला आस्तोय तो...”

पुढचा शब्द आला नाही. त्यांचे डोळे माझ्यावर होते, मग माझ्यावर नव्हते. बोटांखालचा ठोका एकदा अडखळला आणि गेला. मी बोटं सरकवली, दाबली, गळ्याला लावली. कुठेच काही नव्हतं. त्यांच्या घशातून घरघर आली.

“रणधीरदादा, चुंबक काढ.”

“का?”

“नाडी नाही. हे खरं आहे. काढ.”

“झोपल्यात ते. सकाळधरनं मार खाल्लाय, दमल्यात.”

मी गाठीला हात घातला. त्याने तो झटकून दोन्ही तळवे कडीवर दाबले. चुंबकानं वाचवलंय, तो म्हणत होता. हात लावू देणार नाही. सगळ्या सकाळभर जे शत्रूसारखं आतून मारत होतं ते ज्याने गप्प केलं, ते तो सोडणार नव्हता, आणि ते त्याला मीच शिकवलं होतं. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. त्याने कोपराने मला मागे फेकलं. स्पीकरच्या खोक्याची कड तोंडावर आली. जिभेवर दाताचा तुकडा आला. त्या दातावर आज टोपी आहे.

मामांचे ओठ निळे पडत होते.

तेव्हा मी रणधीरचा जखमी हात धरला आणि पट्टीवरून अंगठा आत घातला. जखमेच्या आत. मऊ होतं, गरम होतं, मग अंगठा कशावर तरी टेकला. मी दाबला. पट्ट्याच्या वाराला न ओरडलेला माझा भाऊ तेव्हा जनावरासारखा ओरडला आणि त्याचे हात सुटले.

गाठ सुटणार नव्हती. मी दोन्ही हातांनी कडी फेट्याखालून बाजूला रेटली. ती घासत सरकली, सुटली, आणि ठाणकन टेम्पोच्या पत्र्याला जाऊन चिकटली.

मग रणधीर माझ्यावर आला. त्याने माझा गळा धरून डोकं हौद्याच्या तळावर आपटलं. पुढे काचेतून मामी बघत होत्या, हाताने काच बडवत होत्या. यंत्राला आधी ऐकावं लागतं, मग आत वीज साठवावी लागते. तेवढा वेळ मला माहीत होता आणि तो संपत नव्हता. तारेतला ऐकणारा पदर तुटला आहे हे मी सिद्ध केलं होतं. खऱ्या मरणाच्या वेळी मारणारा पदर शाबूत राहील, हे मी फक्त धरून चालले होते. रणधीरच्या खांद्यावरून मला मामांचा पाय दिसत होता. अंगठा बाहेर कललेला. टेम्पोच्या हादऱ्याने हलत होता, तेवढाच.

पाय उडाला.

रणधीरला ते दिसलं नाही, आवाज आला. मामांच्या पाठीने हौद्याचा पत्रा वाजला. मग लांब, ओढलेला, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा श्वास. रणधीरने माझा गळा सोडला. मी रांगत जाऊन मनगट धरलं. होती. वेडीवाकडी, मग कमी वेडीवाकडी.

मामांनी डोळे उघडले. कुठे आहोत ते त्यांना कळत नव्हतं. टेम्पो खड्ड्यात गेला, डावा खांदा हलला, आणि यंत्राने पुन्हा मारलं. हा तडाखा खोटा होता. बोटांखाली ठोके चालू होते. मामांच्या तोंडून पाण्याने भरल्यासारखा आवाज आला आणि त्यांनी माझा हात चुरगाळला.

मला बोलता येत नव्हतं. तोंड रक्ताने भरलं होतं. मी फक्त पत्र्याकडे बघितलं.

रणधीर उठला. पत्र्याला चिकटलेली कडी एका हाताने निघेना. त्याने पाय लावून दोन्ही हातांनी ती उपटली, जखमेतून रक्त कोपरावरून ठिबकत असताना, आणि माझ्यापुढे धरली. त्याने ती स्वतः ठेवली नाही.

मी ठेवली. या वेळी बांधली नाही. उजव्या तळहाताने नुसती धरली. पण कडी धरायची, नाडी बघायची, आणि टेम्पोत पडायचंही नाही, एवढं मला एकटीला जमत नव्हतं. मी रक्त थुंकले, रणधीरचा चांगला हात घेतला आणि त्याची दोन बोटं मामांच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवली.

“हे लागतंय का?”

त्याने मान हलवली.

“थांबलं की सांग. सांगितलंस की मी काढीन.”

“लागतीय,” तो म्हणाला.

तिथून तो थांबला नाही. दर थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, मनगटावर वाकून तो तेवढंच म्हणत होता. लागतीय. लागतीय. मामा पडून ऐकत होते. एकदा तो ‘न्हाई लागत’ म्हणाला आणि मी कडी उचललीसुद्धा; त्याचं बोट सरकलं होतं. लागतीय, लागतीय, तो घाईने म्हणाला, आणि मी कडी परत टेकवली. शहरात शिरलो तर रस्त्यावर दसऱ्याचा बाजार. झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, गाड्यांची रांग. सर्जेराव हॉर्नवरून हात काढत नव्हते. लोक हौद्यात डोकावून बघत आणि मागे सरत. आमच्या तिघांच्या अंगावरचं रक्त कुणाचं कुठलं, ते आम्हालाही सांगता आलं नसतं.

मामा त्या दिवशी वाचले, तारही बदलली, हे सगळं पुढचं. मला आठवतं ते दवाखान्याच्या दारातलं. स्ट्रेचर आलं. आतून एकजण त्यांचा वाटोळा चुंबक घेऊन धावत आला, माझा हात बाजूला करून त्याने तो मामांच्या छातीवर धरला. दुसऱ्याने मामांच्या बोटाला चिमटा लावला आणि त्याच्या हातातलं यंत्र टिक टिक करायला लागलं. चला, सोडा आता पेशंटचा हात, तो रणधीरला म्हणाला.

रणधीरने सोडला नाही. स्ट्रेचर हललं तसा तो त्याच्याबरोबर अवघडून चालायला लागला, दोन बोटं मनगटावर तशीच ठेवून. त्या माणसाने पुन्हा सांगितलं, जरा चिडून. तेव्हा त्याने मान वळवून मला शोधलं.

“मंजे,” त्याने विचारलं, “सोडू का?”